स्ट्रोमी नक्की कोणता?

नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ, शंभर-दोनशे मीटर खाली, समुद्राचा तळ बऱ्याच ठिकाणी मऊ, राखाडी चिखलाचा आहे. वर ऋतू येतात-जातात, खालचं पाणी बारा महिने थंडगार. जहाजावरून दोन लोखंडी जबड्यांचा ग्रॅब तारेनं खाली सोडतात. तळाला टेकला की जबडे मिटतात आणि तळाचा साधारण एक दशांश चौरस मीटरचा लचका घेऊन ग्रॅब वर येतो. तो चिखल एक मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीवर, धार फार जोरात न सोडता, समुद्राच्याच पाण्यानं धुतात. गढूळ पाणी निघून जातं आणि चाळणीवर उरतात शिंपले, ब्रिटल स्टार नावाच्या ताऱ्यासारख्या प्राण्यांचे तुटके हात, रिकाम्या नळ्या आणि कृमी. संख्येनं बहुधा कृमीच जास्त.

त्यांतला एक कृमी नवशिक्यालाही लवकर ओळखू येतो. इंच-दोन इंच लांब, फिकट गुलाबी-नारिंगी रंगाचा. तोंडाशी बारीक शुंडकांचा झुपका. ही शुंडकं चिखलावर पसरून तो अन्नाचे कण वेचतो. स्वतः मात्र चिखलाच्याच नळीत बसून राहतो. खरी खूण आहे ती पाठीवर, डोक्याच्या जरा मागे. तिथे एकाच जाड देठावर कल्ला उभा असतो. चार भागांचा, आणि प्रत्येक भागात दाटीनं रचलेल्या पातळ चकत्या. त्याच्या जवळच्या नातेवाइकांना कल्ल्यांच्या दोन-तीन जोड्या असतात. हा एकांडा कल्ला दिसला की कृमी टेरेबेलायडिस जीनसमधला, यात शंका उरत नाही.

शाळेत वलयांकित प्राण्यांचा संघ शिकलेल्यांना गांडूळ आणि जळू आठवत असतील. हा त्यांचाच समुद्रातला भाऊबंद. अंगावरच्या वलयांवर दृढरोमांचे झुबके असलेल्या या सागरी कृमींना पॉलिकीट म्हणतात. समुद्रतळाच्या कुठल्याही पाहणीत त्यांची यादी लांबलचक असते आणि उत्तर युरोपातल्या यादीत एक नाव हटकून असतं: टेरेबेलायडिस स्ट्रोमी. निदान काही वर्षांपूर्वीपर्यंत ते निर्धास्तपणे लिहिलं जायचं.

हे नाव दिलं मिखाएल सार्स यांनी, 1835 साली. सार्स तेव्हा नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर किन या ठिकाणी पाद्री होते. बर्गनच्या किनाऱ्यावरच्या समुद्री प्राण्यांवर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकात हा कृमी येतो. स्ट्रोमी हे नाव अठराव्या शतकातल्या हान्स स्त्रोम यांच्यावरून आलं. तेही पाद्रीच आणि तेही निसर्गाचे अभ्यासक. त्या काळच्या नॉर्वेत प्राणिशास्त्राचा बराच भार चर्चनं वाहिला, असं म्हणायला हरकत नाही.

सार्स हा साधा हौशी माणूस नव्हता. तळाला चिकटून राहणारा एक इवलासा जीव आणि आडव्या चकत्या रचल्यासारखा दिसणारा दुसरा, अशा दोघांना त्यांनी आधी वेगवेगळी नावं दिली होती. पुढे त्यांनीच दाखवून दिलं की ही दोन्ही जेलीफिशच्या वाढीतली रूपं आहेत. नंतर ते क्रिस्टियानियाच्या, म्हणजे आजच्या ऑस्लोच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. साधारण साडेपाचशे मीटरच्या खाली समुद्रात जीवसृष्टी नसावी, असं एडवर्ड फोर्ब्ज यांचं मत तेव्हा मान्यता पावलेलं होतं. मिखाएल आणि त्यांचा मुलगा गेओर्ग ओसियान यांनी लोफोटेन बेटांजवळच्या खोल पाण्यातून इतके प्राणी वर काढले की ते मत टिकणं अवघड झालं. दोन नावांमागचा एकच प्राणी ओळखणाऱ्या या माणसानं दिलेल्या एका नावामागे पुढे प्राण्यांची रांग निघावी, हा योगायोग मात्र मजेशीर आहे.

स्ट्रोमीचं वर्णन छापलं गेलं आणि तो जगभर सापडू लागला. 1872 ते 1876 या काळात चॅलेंजर जहाजानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्यातल्या पॉलिकीट कृमींवर विल्यम मॅकिंटॉश यांनी 1885 साली जाडजूड ग्रंथ काढला. त्यात दक्षिण गोलार्धातल्या केर्गेलेन बेटांजवळचा टेरेबेलायडिस हा स्ट्रोमीचाच एक प्रकार म्हणून नोंदवलेला आहे. म्हणजे नॉर्वेचा कृमी अंटार्क्टिकाच्या वाटेवर. मग भूमध्य समुद्र, प्रशांत महासागर, दक्षिण आफ्रिका, भारत. उथळ खाडीपासून हजारो मीटर खोलीपर्यंत, आर्क्टिकच्या बर्फाळ पाण्यापासून उष्ण कटिबंधातल्या कोमट पाण्यापर्यंत, सगळीकडे स्ट्रोमी. पुस्तकांत त्याच्यापुढे ‘सर्वत्र आढळतो’ असा शेरा पडला आणि एकदा शेरा पडल्यावर प्रत्येक नवी नोंद त्याला बळकटी देत गेली.

असं का झालं, हे ओळखण्याच्या पद्धतीतच दडलेलं आहे. कृमी ओळखायला अभ्यासक ओळखतालिका वापरतात. एकेक प्रश्न, दोन उत्तरं, उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न. कल्ला एकच आहे का? पाठीवर देठावर उभा आहे का? मग टेरेबेलायडिस. आणि तालिकेत टेरेबेलायडिसखाली स्ट्रोमी एकटाच दिलेला असेल, तर पुढे विचारायला प्रश्नच उरत नाही. कृमी कुठल्याही समुद्रातला असो, तालिका त्याला मुकाट स्ट्रोमीच्या घरात नेऊन सोडते. यात ओळखणाऱ्याचा हलगर्जीपणा नव्हता. हातात जे पुस्तक होतं ते त्यानं प्रामाणिकपणे वापरलं. जगाच्या नकाशावर पसरत होतं ते पुस्तक. कृमी आपापल्या चिखलात होते.

कृमीच्या बाजूनं पाहिलं तर हा जगप्रवास अवघडच होता. प्रौढ कृमी नळी सोडून फारसा कुठे जात नाही. अंडी चिकट गोळ्यात घालतो आणि पिल्लं प्रवाहाबरोबर महिनोन्महिने वाहत जाणाऱ्यांपैकी नाहीत, असं जुनी निरीक्षणं सांगतात. (ती निरीक्षणं ज्या कृमीवर केली तो नक्की कोणता होता, हा प्रश्न आता त्यांनाही लागू होतो.) अशा घरकोंबड्या प्राण्यानं दोन्ही ध्रुव गाठले, हे वाचून कुणाला तरी खटकायला हवं होतं.

ते जाहीरपणे खटकलं 1984 साली. विल्यम्स या संशोधिकेनं जगभरातले ‘स्ट्रोमी’ नमुने मागवून शेजारी-शेजारी ठेवून पाहिले आणि हे सगळे एक नाहीत असं लिहिलं. त्यातून काही नव्या प्रजाती वेगळ्या काढल्या. अटलांटिस ही त्यांतली एक. पुढे 1989 मध्ये रशियाच्या यिर्कोव्ह यांनी उत्तरेकडच्या एका प्रजातीला विल्यम्सी हे नाव दिलं. 2000 साली ऑस्ट्रेलियातल्या पॅट हचिंग्ज आणि त्यांच्या सहकारी पीअर्ट यांनी तिथल्या कृमींची फेरतपासणी करून ऑस्ट्रेलियाच्या यादीतून स्ट्रोमीला हात धरून बाहेर काढलं. तरीही उत्तर युरोप हे तर स्ट्रोमीचं माहेर. तिथला तरी तो एकच असणार, असं बहुतेकांनी धरून चाललेलं होतं.

आता अडचण अशी, की तुलना करायची तर मूळ स्ट्रोमी हवा. प्राण्यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात, की प्रत्येक नाव एका प्रत्यक्ष नमुन्याला बांधलेलं असतं. वाद झाला तर वर्णनाकडे, चित्राकडे, लेखकाच्या मनातल्या कल्पनेकडे पाहायचं नाही. बाटलीतल्या त्या एका कृमीकडे पाहायचं. वजनमाप खात्याच्या कपाटातल्या प्रमाण वजनाशी दुकानदाराचं वजन ताडून पाहतात, तसंच हे. सार्स यांच्या काळी मात्र असा एक नमुना राखून ठेवण्याची शिस्त रुळलेली नव्हती आणि त्यांचा मूळ नमुना शिल्लक नाही. वर्णन अडीच ओळींत मावेल इतकं सर्वसाधारण. एकांडा कल्ला, शुंडकं, रोम. जे आज पंचवीसेक प्रजातींना लागू पडेल असं.

स्पेनमधल्या आ कोरुन्या विद्यापीठातले हुलिओ पारापार आणि ऑस्ट्रेलियातल्या त्याच पॅट हचिंग्ज यांनी 2014 साली ही गाठ सोडवली. नॉर्वेच्या किनाऱ्यावरचा एक नमुना निवडून त्यांनी त्याचं बारकाईनं नव्यानं वर्णन केलं आणि त्याला निओटाइप, म्हणजे हरवलेल्या मूळ नमुन्याच्या जागी नेमलेला अधिकृत नमुना, म्हणून जाहीर केलं. निर्णय काहीसा कारकुनी वाटतो. पण त्याच्याशिवाय पुढचं सगळं अडून बसलं असतं. ‘हा स्ट्रोमी आहे का?’ या प्रश्नाला उत्तर असू शकतं, ही सोय 1835 नंतर पहिल्यांदाच झाली.

हे वर्णन करताना अभ्यासक नेमकं काय पाहतात? कृमी काचेच्या बशीत अल्कोहोलखाली आडवा असतो. ग्रॅबच्या जबड्यात सापडून शेपूट बहुतेक वेळा तुटलेलंच, शुंडकंही गळालेली. म्हणून सगळी मदार पुढच्या भागावर, वक्षाच्या अठरा रोमधारी वलयांवर. आधी कल्ला: चार भाग एकमेकांना कितपत जुळलेले आहेत, खालचे दोन वरच्यांच्या मानाने केवढे आहेत, चकत्यांच्या कडा गुळगुळीत आहेत की त्यांवर बारीक पुटकुळ्या आहेत. मग सहाव्या रोमधारी वलयाच्या आसपासचे गुडघ्यात वाकल्यासारखे दिसणारे खास दृढरोम. हे एरवी एकाच वलयावर असतात. आइसलँडजवळच्या एका कृमीत ते लागोपाठच्या दोन वलयांवर दिसले आणि त्याच खुणेवरून 2011 साली त्याचं नाव बायजेनिक्युलेटस पडलं. पोटाकडच्या वलयांवर तर आकडेच असतात, इतके बारीक की इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपशिवाय त्यांचे दात मोजता येत नाहीत. या आकड्यांनी कृमी नळीच्या भिंतीला घट्ट धरून बसतो.

सगळ्यात देखणी परीक्षा मिथिल ग्रीनची. कृमीला थोडा वेळ या हिरव्या रंगात ठेवतात, मग साध्या अल्कोहोलमध्ये धुतात. कातडीतल्या ग्रंथी जिथे दाट तिथे रंग धरून राहतो, जिथे नाहीत तिथून निघून जातो. काही वलयं गर्द हिरवी, काहींवर फक्त पट्टा, काही कोरी. प्रत्येक प्रजातीचा पट्ट्यांचा नमुना साधारण ठरलेला. पण हा रंग टिकत नाही; कृमी अल्कोहोलमध्ये राहिला की हळूहळू पुन्हा फिका होतो. त्यामुळे फोटो काढायचे ते तेव्हाच. संग्रहालयातल्या बाटलीतून काढलेल्या शतकभर जुन्या कृमीवरही ही परीक्षा चालते, हा तिचा मोठा फायदा. डीएनएचं तसं नाही.

1890 च्या दशकापासून प्राणी टिकवायला फॉर्मालिन वापरात आलं. शरीराचा आकार, स्नायू, कातडी टिकवण्यात त्याची बरोबरी करणारं फारसं काही नाही. पण तेच फॉर्मालिन डीएनएचे तुकडे करतं, त्याला जखडून टाकतं. परिणामी जगभरच्या संग्रहालयांत हजारो टेरेबेलायडिस बाटल्यांमध्ये सुरेख बसलेले आहेत आणि त्यांच्याकडून जनुकीय साक्ष मिळणं जवळपास अशक्य. साक्ष हवी तर नवे कृमी हवेत, पकडल्याबरोबर तीव्र अल्कोहोलमध्ये टाकलेले, आणि तेही पुष्कळ ठिकाणचे.

नशिबानं तसे मिळत होते. स्वीडननं 2002 मध्ये देशातल्या सगळ्या प्रजातींची नोंद करायचा प्रकल्प हाती घेतला आणि स्कागेराकच्या समुद्रात मोहिमा निघाल्या. नॉर्वेनं 2009 मध्ये तसाच प्रकल्प सुरू केला. त्याआधी 2005 पासून मारेआनो हा नॉर्वेचा समुद्रतळ मापनाचा सरकारी कार्यक्रम चालू होताच. आधी ध्वनिलहरींनी तळाचे चढउतार मोजायचे, मग त्यावर कॅमेरा फिरवायचा आणि शेवटी ठरावीक जागी ग्रॅब, तळावरून ओढायची घसरगाडी आणि जाळं टाकायचं. तेल, मासेमारी आणि निसर्गरक्षण यांच्या हद्दी ठरवायला सरकारला ही माहिती हवी होती. कृमीचा अभ्यास हे त्याचं उप-उत्पादन. माझ्या मते असल्या अभ्यासाला याहून चांगला पोशिंदा मिळणं कठीण, कारण कुणीही फक्त चिखलातल्या कृमीसाठी बॅरेंट्स समुद्रात जहाज पाठवत नाही.

गोथेनबर्गचे आर्ने नीग्रेन, पारापार, मारिया कापा आणि इतर अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी ईशान्य अटलांटिकमधून जमलेले हे कृमी एकत्र घेतले. आधी सीओआय या जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचला. प्राण्यांच्या प्रजाती ओळखायला हाच तुकडा बारकोड म्हणून वापरावा, ही कल्पना 2003 साली कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी मांडली होती. एका प्रजातीतल्या दोन कृमींत या अक्षरांचा फरक किरकोळ असतो, दोन प्रजातींत बराच जास्त. मधली दरी स्वच्छ दिसली की गट आपोआप वेगळे पडतात.

पण एवढ्यावर थांबलं तर फसगत होऊ शकते. सीओआय असतो मायटोकाँड्रियामध्ये, आणि मायटोकाँड्रिया येतात फक्त आईकडून. पूर्वी कधीतरी वेगळ्या राहिलेल्या आणि आता पुन्हा एकत्र नांदणाऱ्या एकाच प्रजातीतही आईकडच्या दोन जुन्या शाखा दिसू शकतात. म्हणून या चमूनं केंद्रकातल्या डीएनएचे तुकडेही वाचले. हा डीएनए आईबाप दोघांकडून येतो. दोन गटांची आपसात पैदास होत असेल, तर इथे सरमिसळ दिसणारच. आणि बहुतेक गट तर एकमेकांच्या शेजारी, त्याच समुद्रात, पुष्कळदा त्याच परिसरातल्या चिखलात राहणारे. भेटायला अडचण कसलीच नाही. तरीही केंद्रकातली अक्षरं वेगळीच राहिली. शेजारी राहून मिसळत नाहीत, म्हणजे त्या वेगळ्या प्रजाती. अंतरानं दुरावलेल्या प्राण्यांबाबत असा निवाडा इतक्या खात्रीनं देता येत नाही. भेटले असते तर काय झालं असतं, हे तिथे कोण सांगणार? इथे शेजारच साक्षीला आला.

2018 मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: ईशान्य अटलांटिकमध्ये टेरेबेलायडिसच्या पंचवीसहून अधिक प्रजाती. त्यांपैकी रीतसर नाव असलेल्या फक्त सात. अनामिक प्रजातींतल्या कित्येक दुर्मीळ नव्हेत, भरपूर संख्येनं आणि दूरवर पसरलेल्या. लेखकांनी त्याचा जो अर्थ काढला तो वाचून थोडं हसू येतं: या समुद्रात टेरेबेलायडिस हाती लागला, तर तो नाव असलेल्या प्रजातीचा असण्यापेक्षा बिननावाच्या प्रजातीचा असण्याचा संभव जास्त. पृथ्वीवरच्या ज्या समुद्रांचा सर्वांत कसून अभ्यास झाला त्यांतल्या एका समुद्राची, आणि तिथल्या सर्वांत ओळखीच्या कृमींपैकी एकाची ही गोष्ट आहे.

गट पडले, पण गटाला नाव द्यायचं तर तो पाहून कसा ओळखायचा हेही सांगावं लागतं. मग उलटा प्रवास सुरू झाला. आधी डीएनएनं गट ठरवून दिले, नंतर त्या-त्या गटातले कृमी मायक्रोस्कोपखाली घेऊन कुठली खूण गटाबरोबर सुसंगत जाते हे शोधायचं. पूर्वी ‘वैयक्तिक फरक’ म्हणून दुर्लक्षिलेल्या पुटकुळ्या, आकड्यांवरचे दात, हिरव्या पट्ट्यांची मांडणी यांना अचानक वजन आलं. 2019 मध्ये निकोला लाव्हेस्क आणि सहकाऱ्यांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या, टेरेबेलायडिस ज्या कुळात मोडतो त्या कुळातल्या नऊ नव्या प्रजातींची वर्णनं केली, आठ टेरेबेलायडिसच्या. 2020 मध्ये पारापार, कापा, नीग्रेन आणि मोरेइरा यांनी आणखी पाच नावं दिली: बक्केनी, कोंग्सरुडी, नॉर्वेजिका, रॉनिंगी आणि स्कॉटिका. त्यांतली तीन नॉर्वेतल्या सहकाऱ्यांच्या आडनावांवरून आहेत, दोन जागांवरून. काही प्रजाती मात्र बाहेरून पाहून वेगळ्या करता येणं आजही फार कठीण आहे.

नकाशाचं काय झालं? जुना नकाशा म्हणजे जगभर पेरलेले ठिपके, सगळ्यांवर एकच नाव. नव्या नकाशावर ठिपका टाकायचा तर त्यामागे अक्षरं वाचलेला, बाटलीत जपून ठेवलेला कृमी हवा. साहजिकच ठिपके कमी झाले. पण ते बोलू लागले. काही प्रजाती स्कागेराकपासून उत्तरेकडे लांबवर पसरलेल्या दिसतात, काहींचे ठिपके थोड्याच जागेत गोळा होतात. काही किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातल्या, काही उताराच्या खाली. आणि कृमीला किलोमीटरपेक्षा अंश सेल्सिअस जास्त महत्त्वाचे असतात. नॉर्वेजियन समुद्रात साधारण सहाशे-आठशे मीटरच्या खाली पाण्याचं तापमान शून्याच्याही खाली जातं. वरचं अटलांटिकचं उबदार पाणी आणि खालचं आर्क्टिकचं, यांच्यातली ही सीमा उतारावरून चालत गेलं तर अगदी थोड्या अंतरात ओलांडली जाते, पण तळजीवांची यादी तिथे झपाट्यानं बदलते. शेकडो किलोमीटर आडवं गेलं तरी जेवढी बदलणार नाही, तेवढी. ग्रीनलँडपासून स्कॉटलंडपर्यंत पाण्याखाली जी डोंगररांग आहे तीही अशीच भिंत. तिच्या एका अंगाला खोल पाणी अतिथंड, दुसऱ्या अंगाला त्या मानानं कोमट. सगळे ठिपके एकाच नावाचे असताना या सीमा दिसणं शक्य नव्हतं. स्ट्रोमी दोन्हीकडे होता, म्हणजे त्याला थंडी-ऊब सारखीच, असा निष्कर्ष निघायचा.

जुन्या ठिपक्यांचं मात्र काही करता येत नाही. जागतिक माहितीसाठ्यांत स्ट्रोमीच्या असंख्य नोंदी आहेत. नमुना टाकून दिलेला असेल तर ती नोंद फक्त ‘इथे कुठला तरी टेरेबेलायडिस होता’ इतकंच सांगते. नमुना फॉर्मालिनमध्ये असेल तर कल्ला आणि हिरवे पट्टे पाहून गटापर्यंत पोचता येईल, पुढे नशीब. शिवाय रिकाम्या जागेचा अर्थही बदलला. पूर्वी कोरी जागा म्हणजे तिथे कृमी नाही. आता बहुतेक वेळा तिचा अर्थ असतो की तिथला कृमी अजून कुणी तपासलेला नाही.

याची झळ प्रयोगशाळेबाहेरही पोचते. तेलविहिरींच्या आसपासचा तळ आणि किनाऱ्यालगतच्या मत्स्यशेतींखालचा तळ नॉर्वेत ठरावीक काळानं तपासावा लागतो. तिथे सापडलेल्या प्रत्येक प्रजातीला प्रदूषण किती सोसतं यावरून एका गटात टाकतात आणि त्यावरून जागेचा निर्देशांक काढतात. युरोपात सर्रास वापरला जाणारा, बास्क प्रांतातल्या आंखेल बोर्खा आणि सहकाऱ्यांनी 2000 साली मांडलेला आंबी हा निर्देशांक प्रजातींचे असे पाच गट करतो. आता दोन डझन प्रजातींना एकाच नावाखाली एकच गट दिला गेला असेल, तर त्यांतली नाजूक प्रजाती नाहीशी होऊन तिची जागा सोशीक भावंडानं घेतली, तरी कागदावर काहीच बदल दिसणार नाही. स्ट्रोमी काल होता, आज आहे. अहवाल स्वच्छ.

भारताच्या किनाऱ्यावरच्या तळजीवांच्या याद्यांतही स्ट्रोमी हे नाव आढळतं. आपल्याकडे पॉलिकीट ओळखण्याची भिस्त दीर्घकाळ दोन ग्रंथांवर होती: फ्रेंच अभ्यासक पिएर फोव्हेल यांचा 1953 चा, भारत आणि शेजारच्या देशांतल्या पॉलिकीटांवरचा, आणि जॉन डे यांचा दक्षिण आफ्रिकेतल्या पॉलिकीटांवरचा 1967 चा. दोन्ही ग्रंथ अफाट कष्टाचे आणि आजही टेबलावर लागणारे. पण दोन्ही अशा काळातले, जेव्हा युरोपात वर्णिलेली प्रजाती हिंदी महासागरात सापडणं कुणाला खटकत नसे. नॉर्वेतला स्ट्रोमी फ्रान्सपर्यंतही नीट पोचत नसेल, तर अरबी समुद्राच्या किनारी पट्टीतल्या पंचवीस-अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात तो आरामात नांदत असेल यावर विश्वास ठेवायला फार मोठं मन लागतं. आपला कृमी दुसराच कुणी असणार. एकच असेल असंही नाही.

तो कोण, हे शोधायला फार वेगळी सामग्री लागत नाही. 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला इथे आहे. ग्रॅब, चाळणी, मायक्रोस्कोप आणि डीएनए वाचायची सोय यांत नॉर्वे आणि भारत यांच्यात आता दरी उरलेली नाही. चाळणी तर आपल्याकडे बऱ्याचदा अर्ध्या मिलिमीटरची, जास्त बारीक असते. कमतरता आहे ती महिनोन्महिने एकाच कुळाचे आकडे आणि कल्ले पाहत बसणाऱ्या माणसांची, आणि अशा कामाला पगार देणाऱ्या योजनांची. सुरुवात मात्र जहाजाच्या डेकवरच करावी लागते: चाळणीवरचे सगळे कृमी एकदम फॉर्मालिनमध्ये न घालता दोन-चार टेरेबेलायडिस वेचून तीव्र अल्कोहोलच्या वेगळ्या बाटलीत टाकायचे, खोली आणि पाण्याचं तापमान टिपायचं आणि बाटलीतल्या चिठ्ठीवर सध्यापुरतं जीनसचं नाव लिहून पुढची जागा कोरी सोडायची.